जुन्या कॅसेट उतरवायच्या आहेत? पैसे वायरीवर नको, यंत्रावर घाला

घरच्या व्हिडिओ कॅसेट डिजिटल करायच्या म्हटलं की बहुतेक लोक आधी ती यूएसबीची कांडी मागवतात. एका टोकाला पिवळी-पांढरी-लाल पिन, दुसऱ्या टोकाला यूएसबी. इथेच क्रम उलटा होतो. चित्राचा दर्जा ठरतो कॅसेट वाजवणाऱ्या यंत्रात. तिथे जे हरवलं ते पुढचं कुठलंही सॉफ्टवेअर परत आणत नाही. म्हणून आधी माळ्यावरचा खोका खाली काढा आणि प्रत्येक कॅसेट हातात घेऊन वाचा. चिकटवलेल्या कागदावरचं 'मुंज' किंवा 'बारसं' नाही, प्लास्टिकवर काय छापलंय ते.

पुस्तकाएवढी असेल तर व्हीएचएस. त्याच फितीची आखूड, गुटगुटीत कॅसेट म्हणजे व्हीएचएस-सी. ती अ‍ॅडॉप्टरच्या खोक्यात घालून साध्या व्हीसीआरमध्येच वाजते. गाण्यांच्या कॅसेटएवढी पण जाड असेल तर आठ मिलिमीटरची, आणि काडेपेटीहून थोडी मोठी असेल तर मिनीडीव्ही. आठ मिलिमीटरमध्ये पुन्हा तीन जाती आहेत: व्हिडिओ-८ (१९८५), हाय-८ (१९८९) आणि डिजिटल-८ (१९९९). तिघींचं कवच सारखंच असतं. कवचावर हाय-८ लिहिलंय म्हणून आत हाय-८ चंच रेकॉर्डिंग असेल असं नाही, कारण डिजिटल-८ कॅमेरे त्याच कॅसेटवर डिजिटल लिहायचे. पहिल्या दोन जातींच्या कॅमेऱ्यात डिजिटल रेकॉर्डिंग वाजत नाही. कोरा निळा पडदा किंवा नुसत्या मुंग्या दिसतात. अशी कॅसेट 'पुसली गेली' म्हणून फेकून दिल्याचे प्रकार होतात. थांबा, ती बहुधा शाबूत असते.

यंत्रात घालण्याआधी प्रत्येक कॅसेटचं रेकॉर्डिंग बंद करा. व्हीएचएसच्या कडेचा छोटा प्लास्टिकचा तुकडा मोडायचा, आठ मिलिमीटर आणि मिनीडीव्हीला सरकणारी खिट्टी असते ती सरकवायची. सेकंदाचं काम आहे, पण चुकून लाल बटण दाबलं गेलं तर मुंजीवर तुमच्या टेबलाचा फोटो उमटेल.

आठ मिलिमीटरसाठी कुठला कॅमेरा

तुमच्याकडे हाय-८ किंवा व्हिडिओ-८ च्या कॅसेट असतील तर जुना डिजिटल-८ हॅंडीकॅम शोधा. त्याच्याइतका सोपा आणि चांगला मार्ग दुसरा नाही. जुन्या अ‍ॅनालॉग कॅसेटही तो वाजवतो आणि आतल्या आत डिजिटल करून फायरवायर नावाच्या जोडणीतून, म्हणजे सोनीच्या भाषेत आय-लिंकमधून, बाहेर देतो. मध्ये वेगळी कांडी लागत नाही, आवाज मागे-पुढे होत नाही, आणि चित्र स्थिर करणारा टाइम बेस करेक्टर, म्हणजे टीबीसी, त्याच्या आतच असतो. मेनूत टीबीसी चालू ठेवा. डीएनआर, म्हणजे चित्रातले दाणे कमी करणारी सोय, मात्र एकदा चालू आणि एकदा बंद करून पाहा. काही कॅसेटवर त्याने हलणाऱ्या हातामागे सावली राहते.

गोम अशी की सगळे डिजिटल-८ कॅमेरे जुन्या कॅसेट वाजवत नाहीत. स्वस्तातल्या काही मॉडेलांमधून सोनीने ही सोय काढून टाकली होती. नावावर जाऊ नका. मॉडेलचा नंबर घेऊन त्याचं मॅन्युअल उघडा आणि हाय-८ व स्टॅंडर्ड-८ (म्हणजे व्हिडिओ-८) प्लेबॅक आहे असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पुढे बोला.

असा कॅमेरा विकत घेताना एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. लेन्सला बुरशी आलेली असो, पडदा फुटलेला असो, कॅमेऱ्यातून बघितलं की जांभळं किंवा काळं दिसत असो, तुम्हाला काही फरक पडत नाही. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांचे चित्र टिपणारे सीसीडी सेन्सर सदोष निघाले होते. त्यांचं शूटिंग बंद पडलं, पण कॅसेट उत्तम वाजते. 'कॅमेरा चालत नाही, फक्त कॅसेट चालते' असं विकणारा म्हणाला तर भाव पाडा आणि घ्या. तपासायचं ते यंत्राचं पोट: कॅसेट आत जाते का, प्ले, पुढे, मागे सगळं होतं का, बाहेर येताना फीत लोंबकळत तर येत नाही ना. त्यासाठी बिनमहत्त्वाची एक कॅसेट बरोबर न्या. पडद्यावर सी-३१ किंवा सी-३२ ने सुरू होणारा आकडा आला तर यंत्रणा अडकली आहे, सोडून द्या. सी-२१ आला तर आत दव धरलं आहे. एसीच्या खोलीतून पावसाळी हवेत आणलेल्या कॅमेऱ्यात हे नेहमी होतं. कॅसेट काढून झाकण उघडं ठेवा, तासाभराने पुन्हा बघा. बॅटरी मेलेलीच असणार असं धरून चाला, पण मूळ ८.४ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर बरोबर आलाच पाहिजे.

नव्वदच्या सुरुवातीचे साधे हाय-८ कॅमेरे मात्र टाळा. त्यांच्या सर्किटवरचे छोटे कपॅसिटर गळतात, आणि ते सगळे बदलण्याचा खर्च कॅमेऱ्याहून जास्त होतो.

मिनीडीव्ही: इथे रूपांतर नसतंच

मिनीडीव्हीवर आधीच आकडे लिहिलेले असतात. ते जसेच्या तसे संगणकात उचलायचे, एवढंच काम. तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणजे वीस कॅसेटना २६० जीबी. कॅमेऱ्याला यूएसबी आहे म्हणून त्यातून घेऊ नका. बहुतेक मॉडेलांत त्या यूएसबीतून मेमरी कार्डावरचे फोटो किंवा वेबकॅमसारखं बारीक चित्र येतं. खरं डीव्ही, म्हणजे कॅसेटवरचे मूळ आकडे, फायरवायरमधूनच.

आणि इथेच सगळ्यात जास्त फसवणूक होते. 'फायरवायर टू यूएसबी' नावाची साधी वायर ऑनलाइन ढिगाने विकायला असते. तिच्यात नुसत्या तारा एकमेकींना जोडलेल्या असतात, आणि दोन्हींची भाषाच वेगळी असल्यामुळे ती कधीच चालत नाही. डेस्कटॉप असेल तर पीसीआय-एक्सप्रेसचं फायरवायर कार्ड घ्या, शक्यतो टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपचं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास विचारून पाहा. वायर चार पिनांपासून सहा पिनांपर्यंतची हवी, चार पिना कॅमेऱ्याकडे. जोडताना कॅमेरा आणि संगणक दोन्ही बंद ठेवा. सहा पिनांच्या बाजूला वीज असते आणि पिन तिरकी घुसली तर कॅमेऱ्याचा पोर्ट जळतो. विंडोजवर कार्ड दिसूनही कॅमेरा दिसत नसेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये १३९४ चा (फायरवायरचंच हे दुसरं नाव) 'लेगसी' ड्रायव्हर निवडून बघा. मॅकवाल्यांनी जुनं मशीन सांभाळून ठेवावं: मॅकओएस टाहोपासून अ‍ॅपलने फायरवायरचा आधारच काढला आहे.

सॉफ्टवेअर फुकट आहे. विनडीव्ही साधं आणि खात्रीचं. डीव्हीरेस्क्यू जरा शिकावं लागतं, पण कुठल्या फ्रेममध्ये चूक आली ते ते नोंदवतं आणि एकच कॅसेट दोन-तीनदा वाजवून चांगल्या चांगल्या फ्रेम एकत्र करतं. चौकोन-चौकोन फुटणाऱ्या कॅसेटसाठी हे फार कामाचं आहे. फाइल विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवरच घ्या. जुन्या पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीची मर्यादा असते आणि डीव्ही ती अठरा-एकोणीस मिनिटांत गाठतं.

एलपीवर भरलेली मिनीडीव्ही, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटं, दुसऱ्या कॅमेऱ्यात फुटते. त्या दाट रेषा वाचायला हेड नेमकं त्याच कोनात लागतं. ज्या कॅमेऱ्याने शूट केलं तोच शोधा, कुठल्या तरी नातेवाइकाच्या कपाटात असेल. आवाजाचीही एक भानगड आहे. एकाच कॅसेटवर कुठे १२ बिट आणि कुठे १६ बिट आवाज असेल, तर बदलाच्या जागेनंतर ओठ आणि शब्द जुळत नाहीत. त्या जागी फाइल तोडा, की पुढचा भाग आपोआप सुधारतो.

व्हीएचएस, बुरशी आणि पाच स्क्रू

लग्नाच्या कॅसेट बहुतेक याच. एक गोष्ट आधीच समजून घ्या: स्टुडिओने दिलेली कॅसेट मूळ शूटिंग नव्हे. मूळ कॅसेट एका व्हीसीआरमध्ये, नवीन दुसऱ्यात, मधे मिक्सर, त्यावर हृदयाच्या आकारात नवरा-नवरी. म्हणजे तुमच्या हातात दुसऱ्या पिढीची नक्कल आहे, आणि मामांकडची कदाचित तिसऱ्या. नातेवाइकांकडच्या सगळ्या प्रती गोळा करा आणि जी सर्वांत कमी फिकी आहे ती उतरवा.

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या गठ्ठ्याकडे उजेडात तिरकं बघा. कडेला पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई, कोकण, गोव्याच्या हवेत ती धरतेच. ही कॅसेट व्हीसीआरमध्ये घालू नका. बुरशी हेडवर बसेल आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाईल.

आधी ती कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात आठ-पंधरा दिवस ठेवा. बुरशी वाळली की पुसताना चिकटत नाही. मग गच्चीवर किंवा बाल्कनीत, तोंडाला एन-९५ लावून बसा. कॅसेट पालथी करा: पाच स्क्रू दिसतील. ते काढल्यावर दोन्ही भाग हाताने दाबून धरून कॅसेट सुलटी करा आणि वरचं झाकण सरळ उचला. लगेच मोबाइलवर फोटो काढा. फीत कुठल्या खुंटीच्या आतून आणि कुठल्या रोलरच्या बाहेरून जाते ते नंतर आठवत नाही, आणि ब्रेकची बारकी स्प्रिंग उडाली तर सापडत नाही. दोन्ही चकत्या बाहेर घ्या, गठ्ठ्याच्या कडा सुक्या मायक्रोफायबरने पुसा. मग दोन बोटांत आयसोप्रोपिल अल्कोहोलने जेमतेम ओलावलेलं धागे न सुटणारं कापड धरा, त्यातून फीत हळूहळू एका चकतीवरून दुसरीवर हाताने फिरवा. अल्कोहोल ९९ टक्के हवं. औषधाच्या दुकानातल्या ७० टक्केवाल्यात उरलेलं पाणी असतं. ओली फीत गुंडाळली जाऊ देऊ नका. तीन तासांच्या कॅसेटमध्ये अडीचशे मीटरहून जास्त फीत असते, त्यामुळे दुपार जाणार हे धरून चाला. शेवटी चकत्या दुसऱ्या स्वच्छ कॅसेटच्या कवचात बसवा. एखादी जुनी सिनेमाची कॅसेट या कामी येते.

फीत तुटलेली असेल तर स्प्लायसिंग टेप लावा, तीही मागच्या बाजूने, हेडला लागणाऱ्या बाजूने कधीच नाही. साधी सेलोटेप लावू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात वितळून हेडवर जातो.

व्हीसीआरचं हेड साफ करताना कापसाचा बोळा वापरू नका, त्याचे धागे हेडच्या टोकाला अडकून ते मोडतं. साध्या छपाईच्या कागदाची पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून हेड बसवलेल्या गोल ड्रमला हलकेच टेकवा आणि ड्रम वरून बोटाने फिरवा. पट्टी स्थिर, फिरायचं ते ड्रमने. वर-खाली घासलंत तर यंत्र गेलं. दहा मिनिटं सुकू द्या.

आता व्हीसीआर कुठला. नवीन मिळायचे दिवस संपले. शेवटपर्यंत बनवणाऱ्या जपानच्या फुनाईने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. एस-व्हिडिओची गोल चार छिद्रांची पिन असलेला एस-व्हीएचएस व्हीसीआर मिळाला तर उत्तम. तो काळं-पांढरं आणि रंग वेगवेगळ्या तारांनी पाठवतो, त्यामुळे रंग कडेने सांडत नाहीत. तो नसेल तर चांगल्या स्थितीतला कुठलाही चालेल, आणि कॅसेट ज्या घरी भरली गेली त्याच घरातला जुना व्हीसीआर चालू असेल तर तो आधी लावून पाहा. प्रत्येक कॅसेट सुरू झाल्यावर ट्रॅकिंग हाताने जुळवा, खालच्या बाजूच्या रेषा कमीत कमी होतील तिथे थांबा. हाय-फाय व्हीसीआरमधून आवाज तडतडत असेल तर आवाज 'नॉर्मल'वर टाका. कडेच्या पट्टीवरचा मोनो आवाज पोकळ असतो, पण तुटत नाही.

जुनी फीत ताणलेली असते, म्हणून चित्राची प्रत्येक रेष थोडी वेगळ्या क्षणी सुरू होते. मांडवाचा सरळ खांब सापासारखा वळवळताना दिसला तर तो हाच रोग, आणि त्याच्यावरचा इलाज टीबीसी. वेगळा टीबीसी महाग पडतो. जुगाड असा की व्हीसीआरची वायर एका जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमध्ये घालायची आणि त्याच्या मागून पुन्हा बाहेर काढायची. त्यात डिस्क घालायचीही गरज नाही. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी नावाजलेले आहेत, कारण आत शिरणारं चित्र ते नव्याने ओळीत लावून देतात. मात्र त्यांचं नॉइज रिडक्शन बंद करा, नाहीतर चेहरे मेणाचे होतात. चित्र फार थरथरलं की कॅप्चरची कांडी, म्हणजे व्हीसीआर संगणकाला जोडणारी ती यूएसबीची कांडी, कधीकधी 'ही कॉपी करता येणार नाही अशी कॅसेट आहे' असं समजून अडते. घरच्या मुंजीला कोण कॉपीराइट लावणार! तेव्हाही हाच रेकॉर्डर मध्ये घालून पाहा, सुटका होऊ शकते.

एक मात्र घेऊ नका: एव्ही-टू-एचडीएमआय अशी छोटी पांढरी डबी. ती चित्र ओढून १६:९ करते, त्यामुळे सगळी वरात आडवी सुटते. शिवाय सेकंदाला पन्नास चित्रांची साठ करताना हालचाल अडखळते.

अमेरिकेहून आलेल्या कॅसेट

आपल्याकडचं चित्र पाल पद्धतीचं: ६२५ रेषा, सेकंदाला २५ फ्रेम. अमेरिकेतल्या भावाने पाठवलेली कॅसेट एनटीएससी: ५२५ रेषा, २९.९७ फ्रेम. आपले बरेच व्हीसीआर ती टीव्हीवर दाखवतात, पण बाहेर पडतं ते ना धड पाल ना एनटीएससी. टीव्ही ते चालवून घेतो, कांडी घेत नाही; चित्र काळं-पांढरं येतं किंवा गडगडतं. ज्याच्या मागे किंवा मेनूत एनटीएससी ३.५८ निवडता येतं असा मल्टिसिस्टिम व्हीसीआर हवा. हॅंडीकॅमच्या बाबतीतही पाल आणि एनटीएससीचे कॅमेरे वेगळे. सोनीच्या मॉडेल नंबराच्या शेवटी इंग्रजी 'ई' असेल तर तो पाल.

कॅप्चरची मापं

व्हीसीआरचं चित्र कांडीतून संगणकात घ्यायला विंडोजवर व्हर्च्युअलडब हे सॉफ्टवेअर, पालसाठी ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांची, त्या अर्ध्या चित्राला फील्ड म्हणतात) तसंच ठेवून, चित्रातलं काही न गमावता फाइल आवळणाऱ्या हफवायूव्ही कोडेकमध्ये. आवाज ४८ किलोहर्ट्झ. तासाला तीसेक जीबी जातात, जाऊ द्या. कॅप्चर सुरू करण्याआधी ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट बघा. हॅलोजनच्या उजेडात नवरदेवाचा पांढरा सदरा नुसता पांढरा डाग होत असेल तर आत्ताच कमी करा, नंतर त्यातल्या घड्या परत मिळत नाहीत. खाली 'ड्रॉप्ड फ्रेम' चा आकडा वाढत असेल तर अँटीव्हायरस आणि ब्राउझर बंद करा, यूएसबी हब काढून कांडी थेट मागच्या पोर्टला लावा. ओबीएस हे सॉफ्टवेअरच वापरायचं असेल तर कॅनव्हास ७६८ बाय ५७६, ५० फ्रेम आणि डीइंटरलेसिंगमध्ये 'याडिफ २एक्स'.

कॅमेऱ्याच्या ३.५ मिलिमीटर पिनेच्या वायरीतून चित्र येत नसेल तर घाबरू नका. सारख्या दिसणाऱ्या वायरींमध्ये आतली जोडणी वेगळी असते. लाल पिन पिवळ्या जागी लावून बघा.

ही मोठी फाइल म्हणजे मूळ प्रत. बघण्यासाठी तिच्यापासून वेगळी बनवायची. हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये डीइंटरलेसला 'बॉब' निवडा, म्हणजे फील्डच्या २५ जोड्यांतून ५० पूर्ण चित्रं निघतात आणि हालचाल टीव्हीवर होती तशी सुळसुळीत राहते. साधं डीइंटरलेस केलं तर निम्मी हालचाल जाते, काहीच केलं नाही तर हलणाऱ्या पदराच्या कडेला करवतीचे दाते दिसतात. माणसं पुढे-मागे झटके खात असतील तर फील्डचा क्रम उलटा लागला आहे: डीव्हीत खालची फील्ड आधी असते, कांडीतून घेतलेल्या पालमध्ये बहुधा वरची. एच.२६४, दर्जा १८ ते २०, प्रमाण ४:३. व्हीएचएसच्या तळाशी नाचणारी आठ-दहा ओळींची पट्टी इथे कापा, मूळ प्रतीत नको. दुकानात देऊन करून घेणार असाल तर आधी एक कॅसेट द्या आणि हे दाते, ही झटके खाणारी चाल आणि ते प्रमाण तपासा. मगच बाकीचा खोका.

नव्या समारंभासाठी कॅमेरा घ्यायचा असेल तर ऑप्टिकल झूम, बाहेरच्या माइकचं भोक आणि शूटिंग चालू असताना चार्जिंग, या तीन गोष्टी पाहा. परदेशातून कोणी आणणार असेल तर तो ५० फ्रेमवर चालतो का हे आधी विचारा. फक्त ६० चा असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं. शटर १/१०० वर ठेवून ते बरंचसं आवरतं.

फाइलचं नाव तारखेने सुरू करा, आधी वर्ष. डीव्हीत शूटिंगची तारीख-वेळ आतच नोंदलेली असते, ती वाचून घ्या. पण कॅमेऱ्याचं घड्याळ कधीच लावलं नसेल तर प्रत्येक कॅसेट एकाच १ जानेवारीची निघेल. मूळ प्रत दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्या घरी. तपासताना सुरुवातीपासून बघत बसू नका. थेट शेवटच्या पाच मिनिटांवर जा. तिथे बोलणं ओठांशी जुळत असेल तर मधलं बहुतेक ठीक असतं, नसेल तर कॅसेट मागे गुंडाळा आणि पुन्हा घ्या.